‘वरचं आपलं’ म्हणण्याआधी फेरफार काढा

पत्र:

ताई, मी २९ वर्षांचा. शिरवळच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, पगार हातात ३१ हजार. घरची वडिलोपार्जित तीन एकर जिराईत, सातबारा वडिलांच्या एकट्याच्या नावावर. गेले सहा महिने मोबाईलवर अमेरिकेतल्या ‘होलसेलिंग’चे व्हिडिओ बघतोय. स्वतः जमीन-घर काही घ्यायचं नाही, मालकाशी करार करून भाव बांधून घ्यायचा आणि तो करार दुसऱ्याला जास्त पैशाला द्यायचा. इथे तेच करायचं ठरवलंय. आमच्या खंडाळा तालुक्यात (जि. सातारा) ७४ वर्षांच्या एका काकांची ४० गुंठे जमीन आहे, हायवेपासून दोन किलोमीटर आत. काका गुंठ्याला दीड लाखाला तयार. पुण्याची पार्टी १ लाख ९० हजाराला तयार. मी काकांना ३ लाख विसार रोख देऊन ९० दिवसांची मुदत घेणार, ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी. सोबत कुलमुखत्यारपत्र. मधले १६ लाख माझे. काकांना पुण्याच्या भावाची कल्पना नाही आणि पार्टीची त्यांच्याशी गाठ घालून देणार नाही. माझ्याजवळ एकूण ५ लाख आहेत. एक मित्र म्हणतो बँकेच्या लिलावातला फ्लॅट घे, दुसरा म्हणतो नव्या स्कीममध्ये बुकिंग करून वर्षात विक. होलसेलिंगच्या ऑनलाइन कोर्सची फी ४५ हजार आहे. भरू का?
— स. प.

उत्तर:

स. प.,

कोर्सचं आधी सांगून टाकते: भरू नका. तुमच्या या सौद्यात पैसा कुठे आहे हे कळायला दोन-चारशे रुपयांच्या नकला पुरतील. त्याकडे येतेच.

अमेरिकेतला तो धंदा खोटा नाही. तिथे जुनं, पडीक घर विकायला बसलेल्या मालकाशी करार करतात. हिशोबाची एक ठोकळ रीत आहे. दुरुस्तीनंतर घर २ लाख डॉलरला जाईल असं वाटलं, तर त्याचे ७० टक्के म्हणजे १ लाख ४० हजार, त्यातून दुरुस्तीचे ४० हजार वजा, म्हणजे घर घेऊन दुरुस्त करणाऱ्याला १ लाखाच्या वर जाणं परवडत नाही. मग होलसेलर मालकाशी ९० हजाराला बोलतो आणि करार त्या घेणाऱ्याला १ लाखाला देतो. मधले १० हजार त्याचे. हे जमतं, कारण त्याच्यामागे एक अख्खी यंत्रणा उभी असते. विसाराची रक्कम मालकाच्या खिशात जात नाही, तिऱ्हाईताच्या खात्यात पडून राहते. घर तपासायला करारातच काही दिवस दिलेले असतात, त्यात नको वाटलं तर बाहेर पडता येतं. मालकी तपासायला टायटल कंपनी असते, आणि उद्या मालकीत खोट निघाली तर भरून द्यायला विमा. एवढं असूनही तिथली राज्यं आता लगाम घालताहेत. इलिनॉयमध्ये वर्षात एकापेक्षा जास्त असे सौदे करायचे तर लायसन्स लागतं. ओक्लाहोमाने २०२१ मध्ये कायदा केला, पेनसिल्व्हेनियाचा जानेवारी २०२५ पासून लागू झाला. का, तर म्हाताऱ्या, अडलेल्या मालकांना खरा भाव न सांगता सह्या घेतल्या जात होत्या म्हणून. तुमच्या पत्रातले काका तिथेही भेटतात.

आपल्याकडे या सगळ्यातला फक्त करार आहे. आणि सातबारा. सातबारा हा महसूल वसुलीसाठी ठेवलेला उतारा आहे, मालकीचं प्रमाणपत्र नव्हे. कोर्ट हे वर्षानुवर्षं सांगतंय आणि आपण वर्षानुवर्षं उताऱ्यावर नाव दिसलं की पेढे वाटतोय.

आता तुमची विसारपावती घेऊ. खरं तर हा धंदा आपल्याकडे नवा नाही. मालकाचा भाव दीड, ‘वरचं आपलं’, हे चहाच्या टपरीवर बसलेला कुठलाही एजंट व्हिडिओ न बघता सांगेल. जुन्या पावत्यांत एक ओळ हमखास असायची: ‘तुम्ही अगर तुम्ही सांगाल त्या इसमाचे नावे खरेदीखत करून देईन.’ ही ओळ बेकायदा नाही. करारात मनाई नसेल तर विकत घेण्याचा हक्क दुसऱ्याला देता येतो. अडचण पुढे आहे. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा, त्याचं ५४ वं कलम म्हणतं की विक्रीच्या करारामुळे त्या मिळकतीत तुमचा कसलाही हक्क निर्माण होत नाही. तुमच्या हातात फक्त एक वचन असतं, ते मोडलं तर कोर्टात जायची मुभा असते. आणि कोर्टात तुम्हाला काय दाखवावं लागतं? की मी उरलेले पैसे द्यायला पहिल्या दिवसापासून तयार होतो आणि माझी तशी ऐपत होती. तुमच्या सौद्यात विसार वजा जाता उरतात ५७ लाख. तुमच्याजवळ उरतील २. पुण्याची पार्टी ८५ व्या दिवशी ‘मुलाच्या ॲडमिशनचं निघालंय’ म्हणाली की तुम्ही उघडे पडलात. काका विसार जप्त करतील, आणि ९० दिवस जमीन अडकवून ठेवली म्हणून गावभर सांगतील ते वेगळंच.

५०० च्या स्टॅम्पवरच्या नोटरीबद्दल. नोटरी म्हणजे सही कोणाची हे ओळखलं, एवढंच. तिची नोंद दुय्यम निबंधकाकडे होत नाही, सूची क्रमांक २ मध्ये (नोंदवलेल्या दस्तांच्या यादीत) ती दिसत नाही. काकांनी उद्या दुसऱ्याला खरेदीखत करून दिलं तर त्या माणसाला तुमचा कागद माहीत असण्याचं कारण नाही. मग नोंदणी करायची का? करा, पण मुद्रांक शुल्काचं गणित आधी मांडा. साठेखतात, म्हणजे विक्रीच्या करारात, ताबा दिला, किंवा खरेदीखताआधीच ताबा द्यायचं ठरलं, तर महाराष्ट्रात त्याला खरेदीखताइतकंच शुल्क लागतं. दर हद्दीप्रमाणे बदलतो. पुणे महापालिका हद्दीत सगळे अधिभार धरून ७ टक्के होतो, गावाकडे कमी. हिशोबापुरते ५ टक्के धरा: ६० लाखांवर ३ लाख, आणि नोंदणी फी एक टक्का पण कमाल मर्यादा ३० हजार, म्हणजे ३० हजार. वार्षिक मूल्यदर तक्त्यातली (सरकारी रेडी रेकनरची) किंमत ६० लाखांपेक्षा जास्त निघाली तर शुल्क त्या किमतीवर. हे तुम्ही भरणार, आणि पुण्याची पार्टी आपल्या खरेदीखताला परत पूर्ण भरणार, कारण तुम्ही भरलेलं शुल्क त्यांच्या नावावर वळतं होत नाही. ताबा न देणाऱ्या कराराला शुल्क कमी लागू शकतं, पण ते दस्तातले शब्द वाचून ठरतं. व्हिडिओ बघून नाही.

कुलमुखत्यारपत्र तर विसराच. मोबदला घेऊन विक्रीचा अधिकार देणारं मुखत्यारपत्र केलं की त्यालाही खरेदीखताएवढं शुल्क. साधं, बिनमोबदल्याचं केलं तरी ते जवळच्या नातेवाइकाच्या नावे नसेल तर शुल्क तेवढंच, वर ते काका हयात असेपर्यंतच चालणार, आणि काका ७४ चे आहेत. साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असा तिहेरी गठ्ठा करून जमिनी फिरवण्याची जी पद्धत होती, तिने मालकी जात नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट सांगितलंय. तरी अजून काही लोक असा गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे येतात.

आता पुण्याची पार्टी. तुम्ही त्यांच्याबद्दल सगळं लिहिलंत, एक सोडून. ते शेतकरी आहेत का? कूळ कायद्याच्या ६३ व्या कलमाने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी असल्याशिवाय. नुसती विक्रीच नाही, बिगरशेतकऱ्याच्या नावे केलेला विक्रीचा लेखी करारसुद्धा चालत नाही. हे कलम मोडून केलेला व्यवहार अवैध ठरवून जमीन सरकारजमा करण्यापर्यंत तहसीलदार जाऊ शकतात. पार्टीला म्हणावं, तुमच्या किंवा तुमच्या घरच्यांच्या नावावरचा सातबारा दाखवा. ‘बघू, होईल काहीतरी’ असं उत्तर आलं तर तुमचा गिऱ्हाईकच नाही आणि १६ लाखही नाहीत. तुम्ही स्वतः पावतीवर ‘लिहून घेणार’ होणार असाल तर तुमचाही शेतकरी असल्याचा पुरावा लागेल. वडिलांच्या उताऱ्यावरून तो निघावा, पण आधी तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) विचारून ठेवा.

दुसरं विचारायचं ते हे की ती पार्टी ४० गुंठ्यांचं करणार काय? पाच-पाच गुंठ्यांचे फार्महाऊस प्लॉट पाडायचे असतील तर तुकडेबंदी आडवी येते. २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र जिराईतला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे, त्याखालचा तुकडा शेतजमीन म्हणून पाडता येत नाही. ‘आमच्या ओळखी आहेत’ असं म्हणणाऱ्यांच्या ओळखी खरेदीखताच्या दिवशी फोन उचलत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

रोखीबद्दल तुम्ही इतक्या सहज लिहिलंत की मला काळजी वाटली. जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही, विसारसुद्धा नाही. मोडलं तर दंड घेणाऱ्यावर, आणि तो घेतलेल्या रकमेइतका असू शकतो. म्हणजे तुमच्या ३ लाखांच्या विसाराचा फटका काकांना. आणि १६ लाख जर तुम्ही पुण्याच्या पार्टीकडून रोख घ्यायचे ठरवले असतील, कारण दस्तावर ६० च दिसले पाहिजेत, तर तिथे घेणारे तुम्ही. काकांची शेतजमीन गावाकडची, शहरापासून लांबची असेल तर त्यांना भांडवली नफ्यावर कर बहुधा लागणार नाही. म्हणून तुमच्या १६ लाखांवरही लागणार नाही असं समजू नका. तुम्ही जमीन विकत नाही आहात, हक्क विकताय. तो तुमचा नफा आहे आणि तो विवरणपत्रात येतो.

आता त्या दोन-चारशे रुपयांकडे. तुमच्या पत्रात भाव आहे, मुदत आहे, हायवेचं अंतर आहे. गट नंबरच्या इतिहासाबद्दल एक शब्द नाही. आणि सगळा पैसा तिथे आहे. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन निघतो. तो काढा, सोबत ८अ (खातेदाराच्या नावावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा) काढा, आणि सातबाऱ्यावर दिलेले फेरफार (नावात-हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी) यांचे क्रमांक वहीत उतरवून एकेक फेरफार काढत मागे मागे जा. जुने तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या रेकॉर्डरूममध्ये मिळतील. एक दिवसाची रजा जाईल.

काय बघायचं? आधी भोगवटादार वर्ग. वर्ग १ असेल तर श्वास सोडा. वर्ग २ असेल तर ती सहसा सरकारने काही अटींवर दिलेली जमीन असते, परवानगीशिवाय विकता येत नाही. मग काकांच्या वडिलांना जमीन कशी मिळाली ते बघा. कूळ म्हणून कसलेली आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कूळ कायद्याच्या कलम ३२-ग खाली विकत मिळालेली असेल, तर ‘इतर हक्कां’त कलम ४३ चा शेरा असू शकतो. त्याला घाबरायचं नाही. ३२-म चं (खरेदीचं) प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, ४० पट रक्कम भरून विक्री करता येते. आकार काही रुपयांत असतो, त्यामुळे ही रक्कम किरकोळच येते. पण ती भरलेली नसेल तर दस्त अडतो आणि एजंट मंडळी हमखास तिथेच दहा-वीस हजार उकळतात.

तुमच्या तालुक्यासाठी खास एक. तो गट धोम-बलकवडी किंवा नीरा-देवघरच्या लाभक्षेत्रात येत असेल तर ‘इतर हक्कां’त पुनर्वसन कायद्याचा शेरा बघा. प्रकल्पग्रस्तांसाठी जमीन संपादनाची शक्यता असलेल्या क्षेत्रात हस्तांतरणावर निर्बंध असतात. शिरवळ-केसुर्डीकडे औद्योगिक वसाहतीच्या संपादनाचेही शेरे असतात. हे शेरे वाचायला वकील लागत नाही, चष्मा लागतो.

विकास सोसायटीचा बोजा असेलच, तो मोठी गोष्ट नाही. पैसे भरले, दाखला आणला, कमी झाला. रस्ता मात्र बघा. हायवेपासून दोन किलोमीटर आत म्हणजे कशावरून आत? गाव नकाशात रस्ता आहे की शेजाऱ्याच्या बांधावरून ‘पूर्वापार’ जाताय? पुण्याचा माणूस गुंठ्याला १ लाख ९० हजार देणार ते गाडी जाते म्हणून. शेजाऱ्याने बांधावर दोन दगड टाकले की तो भाव संपला.

आणि बहिणी. इथे मी जरा थांबते, कारण माझ्या तीस वर्षांच्या टायटल सर्चमध्ये (मालकीच्या कागदांच्या तपासणीत) जमिनीच्या सौद्यांना सगळ्यात जास्त वेळा इथेच खीळ बसलेली पाहिली. सातबाऱ्यावर काकांच्या नावामागे ‘ए.कु.मॅ.’ असं दिसतंय का बघा. एकत्र कुटुंब मॅनेजर. वडील गेले तेव्हा थोरल्याचं नाव लावून घेतलं, बाकीच्यांची राहिली. मुली लग्न होऊन गेल्या, त्यांची नावं लावायची पद्धतच नव्हती. पण हक्क नव्हता असं नाही. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीची वाटेकरी झाली. वडील त्या दुरुस्तीआधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. अपवाद आहे तो २० डिसेंबर २००४ आधी रीतसर नोंदवलेल्या किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेल्या वाटणीचा. काकांकडे तसा वाटणीपत्राचा दस्त आहे का? की ‘आमची तोंडी वाटणी झाली, बहिणींनी साड्या-चोळी घेतल्या, त्यांचं काही नाही’?

माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, साधारण तुमच्यासारखाच सौदा. तीन भावांच्या सह्या, चार लाख विसार, पुढे जास्त भावाने घेणारी पार्टी तयार. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या म्हटलं तर म्हणाले, नोटीस दिली की दुसरे एजंट घुसतात. शेवटी पुढच्या खरेदीदाराच्या बँकेने अट घातली म्हणून नोटीस दिली, आणि दहाव्या दिवशी दोन बहिणींची वकिलामार्फत हरकत आली. एकीने तर चाळीस वर्षांत माहेरच्या शेतात पाऊलही टाकलेलं नव्हतं. तोवर विसाराच्या पैशातून थोरल्या भावाच्या नातवाला ट्रॅक्टर आला होता. गृहस्थांनी दावा लावला. तो चालू आहे. बहिणींना मी दोष देत नाही. त्यांना सौद्याच्या आधी कोणी विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असतं तर त्यांनी बहुधा पाच-सात लाखांत हक्कसोडपत्र करून दिलं असतं.

त्या पाच-सात लाखांत तुमचा खरा धंदा आहे, स. प. जमिनीचा भाव दीडवरून १ लाख ९० हजार होतो तो दोन माणसांची भेट टाळल्यामुळे होत नाही. बोजा उतरलेला, हद्दी मोजून ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) हातात आलेली, बहिणींची हक्कसोड नोंदवलेली, रस्ता कागदावर असलेला, असा गट आणि नुसता ‘काका तयार आहेत’ असा गट यांच्यात तो फरक असतो. हे काम ७४ वर्षांच्या माणसाला होत नाही, पुण्याच्या माणसाला करायचं नसतं. तुम्ही स्थानिक आहात, तरुण आहात, तलाठी तुम्हाला ओळखतो. हे करून त्याचे पैसे उघडपणे मागा.

उघडपणे म्हणजे कसं? अशा व्यवहारात दस्त तिघांचा करतात. लिहून देणार काका, लिहून घेणार पुण्याची पार्टी, आणि ‘मान्यता देणार’ म्हणून तुम्ही. काकांची रक्कम काकांच्या खात्यात, तुमची तुमच्या खात्यात, दोन्ही आकडे दस्तात. शुल्क एकदाच, पूर्ण रकमेवर, पार्टी भरते. आता कल्पना करा, दुय्यम निबंधकासमोर काका बसलेत, दस्त वाचून दाखवला जातोय आणि त्यांना पहिल्यांदा ७६ लाख ऐकू येतात. त्यांनी पेन खाली ठेवलं तर तुम्ही काय करणार आहात? म्हणून बैठक आधीच घ्या. काकांना म्हणा, तुम्ही दीडला तयार होतात, मी १ लाख ६० हजार देतो, मोजणी, बोजा, बहिणींची हक्कसोड सगळं मी करतो, वरचं माझं, आणि गिऱ्हाईक १ लाख ९० हजाराचं आहे. ६४ लाख काकांचे, १२ तुमचे, त्यातून हक्कसोडीचा आणि बाकीचा खर्च. खिशात चार-पाच उरतील. कमी वाटतात? मग दलाली करा. दोन्हीकडून २ टक्के ठरवले तर ७६ लाखांवर ३ लाख ४ हजार होतात, विसाराचा एक पैसा न अडकवता. गावात लोक दलालाला नावं ठेवतात खरं, पण पुढचा गट विकायचा झाला की पहिला फोन त्यालाच करतात, जर मागच्या वेळी त्याने दोन्ही बाजूंना एकच भाव सांगितला असेल तर.

दलालीत पुढे फ्लॅट, बंगले, नोंदणीकृत प्लॉटिंगच्या प्रकल्पांकडे वळलात तर महारेराचं एजंट प्रमाणपत्र घ्यावं लागेल. त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आहे, आणि व्यक्तीला नोंदणी फी १० हजार. ४५ हजारांचा कोर्स करण्यापेक्षा हा अभ्यास करा. निदान शेवटी हातात एक नंबर मिळतो जो कायद्याने लागतोच.

मित्रांच्या सल्ल्यांबद्दल थोडक्यात. बँक लिलाव: राखीव किमतीच्या साधारण १० टक्के अनामत, बोली तुमची ठरली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी अनामत धरून २५ टक्के, उरलेले १५ दिवसांत, बँकेने वाढवून दिलं तरी तीन महिन्यांच्या पलीकडे नाही. न भरल्यास आधीचं जप्त. ५ लाखांत आणि ३१ हजारांच्या पगारात, गृहकर्ज आधीच मंजूर नसेल तर हे तुमच्यासाठी नाही. शिवाय ‘जसे आहे तसे’ घ्यायचं असतं. आत भाडेकरू असेल तर तोही, सोसायटीची थकबाकी असेल तर तीही.

नव्या स्कीममधलं बुकिंग: इथे महाराष्ट्राचा मुद्रांक कायदा ‘गुंतवणूकदार’ या माणसाला ओळखतो. बिल्डरकडून नोंदणीकृत कराराने घेतलेला फ्लॅट तीन वर्षांत दुसऱ्याला विकला तर आधी भरलेलं शुल्क पुढच्या दस्तात वळतं होतं, फक्त फरक भरायचा. ही मुदत आधी एक वर्ष होती, २०२२ मध्ये वाढवली. तुमच्या होलसेलिंगच्या सगळ्यात जवळचा कायदेशीर रस्ता हाच. पण करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे देऊ नका, आणि करार करताना ‘हस्तांतरणाला बिल्डरची संमती आणि शुल्क’ हे कलम वाचा. ते गुंठ्यातल्या नव्हे, चौरस फुटातल्या दराने लिहिलेलं असतं आणि नफ्याचा मोठा घास घेतं. तुमच्या ५ लाखांत हे आत्ता बसत नाही. दोन-तीन सौद्यांची दलाली साठली की बघा.

५ लाखांपैकी दीड लाख मुदत ठेवीत टाका आणि त्याला हात लावू नका. उरलेल्यातून विसार द्यायचाच असेल तर फेरफार वाचून झाल्यावर, चेकने, आणि पावतीत हे लिहून घेऊन की मालकीत दोष निघाला किंवा हरकत आली तर रक्कम परत. अमेरिकन करारातली उचलण्यासारखी गोष्ट ही एकच.

काकांकडे जाल तेव्हा भावाचा विषय काढू नका. बहिणी कुठे दिल्या आहेत ते विचारा, त्यांचे फोन नंबर घ्या, आणि परत येताना तलाठ्याकडून वारस नोंदीचा फेरफार घेऊन या. त्याचा क्रमांक आणि साल मला कळवा, पुढचं मग बोलू.

आणि तुमच्या घरच्या वडिलोपार्जित तीन एकरांवर एकट्या वडिलांचं नाव आहे असं तुम्ही लिहिलंय. तुम्हाला आत्या किती?